लाईट गेली आणि मामाचं काळीज ऐकू आलं

नमस्कार मंडळी. बाहेर ऊन मी म्हणतंय, जेवणं झाली असतील, तर फॅन जरा कमी करा, आज आवाजाबद्दलच बोलायचंय. छातीतल्या आवाजाबद्दल.

लब-डब सगळ्यांना माहितीये. ते झडपा मिटल्याचे आवाज. लब म्हणजे वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपा, डब म्हणजे रक्त बाहेर जायच्या वाटेवरच्या दोन. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरनं कागदाची सुरळी छातीला लावून ऐकलं, तिथनं स्टेथोस्कोप आला.

आता माझा मामा. आयुष्यभर सोलापूरच्या पूर्व भागात मागावर जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. चाळीस माग धडधडत असताना दारातनंच सांगायचा, तिसरा बघ बे, घासलालाय. रिटायर झाल्यावर जिना चढताना दम लागायला लागला, ईसीजी काढला तर नॉर्मल. मग गल्लीतल्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं, आणि दवाखान्याच्या भिंतीला लागून कारखाना! बाई स्टेथो लावतायत, खिडकी बंद केली, फॅन बंद केला, मामाला म्हणाल्या श्वास रोखा, तरी खटखट चालूच, मामा घामानं निथळलेला. आणि तेवढ्यात गेली की ओ लाईट! सगळे माग एकदम गप्प. बाईंनी हात वर केला, कुणी बोलू नका. लब आणि डबच्या मधे फुस्स असा आवाज येत होता. पुढं एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, निघालं, झडप अरुंद झालेली. मामा काय म्हणाला माहितीये? "करंट बरोबर आला म्हणून माग बरोबर चालतो, असं कुठं असतं ओ?"

एवढंच लक्षात ठेवा. ईसीजी करंट बघतो, आवाज आणि हादरे मशीन कसं चाललंय ते सांगतात. परत सांगतो, ईसीजी करंट, हादरे मशीन.

कारण हृदय नुसतं वाजत नाही, हलवतं पण. १८७७ मध्ये गॉर्डन नावाच्या माणसानं पाहिलं की वजनकाट्यावर गप उभं राहिलं तरी ठोक्यागणिक काटा थरथरतो. आज तेच काम चिमुकला सेन्सर करतो, मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते ना, तोच. छातीवर ठेवला की ठोक्याचा आलेख, ना सुई ना वायर. नाव मोठं आहे, सिस्मोकार्डिओग्राफी, भूकंपमापनातनं उचललेलं. पण हललात, बोललात की आलेख बिघडला. आणि मिरवणुकीतला डीजे घरावरनं गेला तर विचारूच नका, मी तर म्हणतो ते डीजे बंदच करायला पाहिजेत, लेझीम काय वाईट होतं? असो. छातीत दुखलं तर मात्र मोबाईल बाजूला ठेवून सरळ दवाखाना.

मामाच्या छातीवर दुसऱ्या एका भाच्यानं हौसेनं फोन ठेवला होता. मामा जमिनीवर उताणा, आलेख नुसता खडखड वरखाली, पोरगं घाबरलं. मामानं डोळे न उघडता तळहात फरशीला लावला.

"हे माझं नाही बे, शेजारच्या कारखान्याचं आहे. बेअरिंग गेलंय त्याचं."