पूर्वपक्ष

मित्रहो, आणि मागच्या रांगेत बसलेल्या पालकांनो,

प्रवेशाच्या दिवसांत आईवडील मला विचारतात, "सर, तत्त्वज्ञान घेऊन पोरगी पुढे करणार काय?" प्रश्न रास्त आहे. पुण्यातलं खोलीभाडं आणि मेसचे पैसे तुम्हीच भरता. कुणी प्राध्यापक होतं, कुणी वकिलीकडे वळतं, कुणी यूपीएससीला हाच वैकल्पिक विषय घेतं. पण या विषयाची खरी किंमत मला दुसरीकडे दिसते.

न्यायसूत्रांत, म्हणजे न्याय या भारतीय तर्कपरंपरेच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते कळावं म्हणून करायचा तो वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करून, केलेला तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती खोडून काढायची, ती वितंडा. आपण मात्र घरात मुलांना म्हणतो, "वाद घालू नकोस." इतक्या चांगल्या शब्दाचा अर्थ भांडणावर येऊन थांबला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

1983 मध्ये याच पुण्यात तत्त्वज्ञ दया कृष्ण, मे. पुं. रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यायशास्त्राचे पंडित आणि विद्यापीठांतले प्राध्यापक समोरासमोर बसवले. विषय होता ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलची विधानाची (proposition) कल्पना, आणि ती पंडितांपुढे संस्कृतात ठेवायची होती. न्यायात खरंखोटं ठरतं ते ज्ञान. रसेलकडे ते विधान. आता 'विधान' म्हणजे काय, हे ती कल्पनाच नसलेल्या परंपरेत समजावून सांगायचं, तर आधी ते आपल्याला तरी नीट कळलेलं हवं! शास्त्री आणि प्राध्यापक एकमेकांचे विद्यार्थी झाले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी याचीच छोटी आवृत्ती देतो. जे मत तुम्हाला अजिबात पटत नाही, ते एका पानात असं मांडा की ते मत असणाऱ्यानं म्हणावं, 'हो, मला हेच म्हणायचंय.' म्हणजे पूर्वपक्ष. खंडनाचं नंतर बघू.

देव न मानणारी एक विद्यार्थिनी होती. तिचे आजोबा दरवर्षी वारीला जाणारे. तिनं त्यांची बाजू घेतली. पहिल्या पानात थट्टा होती, दुसऱ्यात कीव. मी परत दिलं. तिसऱ्यात नुसती समाजशास्त्राची भाषा; तेही परत. चौथं पान मला पसंत पडलं, पण मी म्हटलं, "माझी पसंती कशाला? त्यांना वाचून दाखव."

तिनं रात्री फोन लावला. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, "बाळा, बाकी बरोबर आहे. पण मी काही मागायला जात नाही गं."

ती पाचव्यांदा लिहायला बसली.