एक मुनीम, दोन पेढ्या

अध्यक्षमहाराज आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय तो असा : ‘स्वतंत्र भारताच्या पहिल्या सरकारपुढील आर्थिक व राजकीय आव्हाने’. वेळ एक तास, त्यातली पंधरा मिनिटं शाल-श्रीफळात गेली. तक्रार नाही, शाल चांगली आहे.

पण आधी एक जुनी उधारी चुकती करतो. १९४७ वर कुठंही बोलायला उभा राहिलो, की शेवटी एक गृहस्थ उठतातच. प्रश्न ठरलेला : “पाकिस्तानला ते पंचावन्न कोटी दिलेच का?” मागे उज्जैनला एकांनी तर सांगितलं, की ती रोकड मालगाडीनं लाहोरला गेली आणि त्यांच्या मामांनी गाडी डोळ्यांनी पाहिली. मामांचा मान राखून सांगतो, अशी गाडी निघालीच नाही. फाळणीच्या वेळी हिंदुस्थान सरकारची रोख शिल्लक साधारण चारशे कोटींची. पाकिस्तानचा वाटा ठरला ७५ कोटी. २० सुरुवातीलाच दिले, राहिले ५५. ही शिल्लक रिझर्व्ह बँकेत, आणि पाकिस्तान सरकारचं खातंही त्याच बँकेत! ३० जून १९४८ पर्यंत कराचीची मध्यवर्ती बँक म्हणजे आपलीच रिझर्व्ह बँक. भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, शेताच्या बांधावर काठ्या चालू झाल्या, आणि दोघांचा मुनीम मात्र एकच. त्यानं या खात्यातून त्या खात्यात फक्त नोंद करायची होती.

ती कधी करायची, यावर सगळं पेटलं. काश्मीरचा निकाल लागेपर्यंत थांबा, ही सरदार पटेलांची भूमिका. १३ जानेवारी १९४८ ला गांधीजींचं उपोषण सुरू झालं, १५ ला सरकारनं रक्कम देण्याचं जाहीर केलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. नैतिक बाजू तुम्ही घरी जाऊन भांडा. मला त्या मुनिमाची दया येते. हे मुनीम म्हणजे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, आपले कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचे.

आणि मुनीम एकच होता याचा पुरावा आपल्या इंदूरच्या सराफ्यात बघायला मिळाला. जुनी नाणी विकणाऱ्या एका ओळखीच्या दुकानदारानं प्लास्टिकच्या पाकिटातून दहाची नोट काढून दिली. सहाव्या जॉर्जचा मुखडा, रिझर्व्ह बँकेचं नाव, खाली देशमुखांची सही. सगळं आपलं. फक्त कोऱ्या जागेत एका टोकाला इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ आणि दुसऱ्या टोकाला उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’. छापली कुठं? नाशिकला! १ एप्रिल १९४८ पासून या नोटा तिकडे चालू झाल्या. तिकडे काश्मिरात गोळीबार आणि इकडे गोदाकाठी त्यांच्या नोटांची छपाई. किंमत विचारली, तर दुकानदारानं हसून पाकीट परत आत ठेवलं.

माझं म्हणणं इतकंच, की त्या सरकारची खरी पंचाईत म्हणजे पैसा एकाच्या नावावर आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती. हे तीन ठिकाणी दाखवणार होतो, पण चिटणीस घड्याळाकडे बोट करतायत. दहा मिनिटं? बरं, पाच.

दुसरं ठिकाण लंडन. युद्धात ब्रिटननं आपल्याकडून माल उचलला आणि पैसे तिथंच जमा दाखवले. १९४७ च्या उन्हाळ्यात ते सुमारे ११६ कोटी पौंड होते, तेव्हाच्या दरानं दीड हजार कोटींच्या वर. सावकार आपण, पण हात लावायचा तर देणेकऱ्याची परवानगी. आणि इथं धान्य बाहेरून आणायचं, निर्वासितांच्या छावण्या चालवायच्या. २६ नोव्हेंबरला अर्थमंत्री षण्मुखम चेट्टींनी पहिलं अंदाजपत्रक मांडलं : जमा १७१ कोटी, खर्च १९७, त्यातले जवळजवळ ९३ संरक्षणाचे. चेट्टी काँग्रेसचे नव्हेत, आंबेडकर नव्हेत, श्यामाप्रसाद मुखर्जी नव्हेत, तरी एकाच मंत्रिमंडळात. यावर वेगळं व्याख्यान लावा, येतो.

तिसरं आपल्या दारातलं. २८ मे १९४८ ला ग्वाल्हेर, इंदूर वगैरे संस्थानं मिळून मध्यभारत हे राज्य झालं. राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखे, ग्वाल्हेरचे शिंदे, उपराजप्रमुख इंदूरचे होळकर. तनखा, म्हणजे सरकारकडून वर्षाला मिळणारी नेमणूक, शिंद्यांना २५ लाख, आपल्या होळकरांना १५, आणि हा फरक काही घरांत अजून सलतो. राजधानी थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. फायली बारमाही प्रवासात. संस्थानांची स्वतःची सायर होती, म्हणजे जकात हो. प्राप्तिकर, रेल्वे, सायर केंद्रानं घेतली, तर राज्य चालायचं कशावर? बडोद्याचे माजी दिवाण व्ही. टी. कृष्णमाचारी यांच्या समितीनं तोड काढली. १ एप्रिल १९५० पासून ही खाती केंद्राकडे, आणि पडलेला खड्डा केंद्रानं जास्तीत जास्त दहा वर्षं भरून द्यायचा, हळूहळू कमी करत. त्याचे आकडे आणले होते, पण चिटणीस आता उभेच राहिलेत.