पंप कुठे ठेवावा?

(भंडारा जिल्ह्यातील एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

ज्या गावाभोवती मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत, तेथे काचेच्या टाकीतल्या मासोळ्यांवर व्याख्यान ठेवण्याचे धाडस वाचनालयाने केले, याबद्दल मी आभारी आहे. समोर बसलेल्या, मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना मासोळीविषयी मी काही सांगावे, एवढी माझी योग्यता नाही. मी बोलणार आहे तो टाकीला हवा देणाऱ्या लहानशा पंपाविषयी. माझे म्हणणे असे की, त्याचा आवाज बंद करण्यासाठी आपण घरोघरी जे उपाय करतो, त्यांतले बरेचसे धोक्याचे असतात.

या पंपाच्या पोटात तारेचे वेटोळे असते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. त्या तालावर लोहचुंबक लावलेली पट्टी थरथरते आणि तिला जोडलेला रबरी पडदा हवा ढकलतो. ही थरथर मुळात क्षीण असते, परंतु पंप पत्र्याच्या कपाटावर ठेवला की सगळे कपाट घुमू लागते. मग घरातली वडीलधारी मंडळी कुरकुरतात (हीच मंडळी कूलरच्या घरघरीत गाढ झोपतात, हा भाग वेगळा) आणि पंपाची रवानगी जमिनीवर होते.

आमच्या शेजारी नेमके हेच झाले. ऐन मे महिन्यात पंप टीव्हीच्या टेबलाखाली, एक्स्टेंशन बोर्डाला खेटून ठेवण्यात आला. त्यानंतर रात्री वीज गेली की सकाळी टाकी चार बोटे उणी दिसू लागली. काकूंनी पहिला आळ मांजरावर घेतला आणि त्या गरीब जिवाला रात्री परसात कोंडण्यात आले. पाणी घटतच राहिले. मग काच तडकली असावी, असे ठरून टाकी रिकामी झाली, कडांना सिलिकॉन लागले, मासोळ्या घमेल्यात गेल्या. एका जाणकाराने तर सगळा दोष उन्हाळ्याच्या वाफेवर टाकला. वाफ फक्त वीज गेल्यावरच कशी होते, हे त्यांना कोणी विचारले नाही. अखेर काकांचा पाय ओल्या सतरंजीवर पडला. सतरंजीच्या टोकाला तोच बोर्ड होता, आणि वीज आलेली होती. काका बचावले. मांजराची मात्र अजून कोणी माफी मागितलेली नाही.

पंप थांबला की नळीतला हवेचा दाब ओसरतो आणि टाकीतले पाणी नळीत मागे सरते. त्याने एकदा काठ ओलांडला आणि पंप पाण्याच्या पातळीखाली असला, तर ते खाली वाहतच राहते. पंपातल्या हवेसाठी केलेल्या झडपा त्याला पुरत्या अडवत नाहीत. विहिरीवरच्या मोटरीला फुटव्हॉल्व्ह लावा, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. टाकीच्या नळीला तसाच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारी एकमार्गी झडप, लावण्याचे मात्र दुकानदारही सांगत नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. पाच मिनिटे उरली आहेत, आणि आवाजाचा मुख्य विषय अजून बाकीच आहे.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच, भिंतीवरच्या खिळ्याला दोरीने टांगावा. तो भिंतीला टेकू नये आणि थेट पाण्यावरही नसावा. तो कशालाच टेकत नसल्याने घुमत नाही, आणि पाणी त्याच्याकडे वाहत जात नाही. फडक्यात गुंडाळल्यास तो तापतो आणि हवा आत येण्याचे छिद्र बुजते. नळी चिमटून हवा कमी केल्यास पडद्यावर ताण येऊन तो फाटतो. जास्तीची हवा नळीला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून बाहेर सोडावी. आवाज अचानक वाढला, तर आधी एअर स्टोन, म्हणजे नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, पाहावा. बोअरच्या पाण्यातील क्षारांनी तो बुजतो. व्हिनेगरमध्ये भिजवून धुतल्यास बहुधा मोकळा होतो.

वायरीला प्लगच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे ओघळलेले थेंब तेथेच गळतात. दोन पिनांच्या पंपाला अर्थिंग नसते, म्हणून घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा, आणि तो असला तरी टाकीत हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. त्यामुळे उन्हाळ्यात वीज गेल्यावर मगने पाणी उचलून वरून ओतत राहावे आणि वीज येईपर्यंत खाद्य टाकू नये. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवरचा बाण टाकीकडे असावा. उलटा बसल्यास हवाच जाणार नाही, आणि पंप बिघडला म्हणून तुम्ही दुकानदाराशी भांडाल.