चेकचा फोटो आणि वहीतला हिशोब

(दृश्य: गणपतीचं घर, ओटी, चपलांचा ढीग)

गणपतीला चाकरमानी गावात आला की घराघरात भजनं, आरत्या, रात्रीची जागरणं, आणि हल्ली त्यातच अजून एक प्रकार बघायला मिळतो, आरती आटपून माणसं जरा टेकली की कुणीतरी भाचा नाहीतर चुलतभाऊ मोबाइल काढतो, माणसांखाली माणसं जोडत माल विकायच्या धंद्याचा, म्हणजे एमएलएमचा (मल्टी-लेव्हल मार्केटिंगचा) प्लॅन दाखवायला. "वयनीनु, एकदा प्लॅन बघून तरी घेवा, मग काय ता बोला." मोबाइलवर कमिशनच्या चेकचा फोटो असतो, गाडीचा असतो, थायलंडच्या ट्रिपचा असतो.

त्या चेकपाशी जरा थांबूया. तो एका माणसाचा असतो, एका महिन्याचा असतो, आणि त्यासाठी खर्च किती झाला ते त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. कंपनीने ठरवलेले खरेदीचे पॉइंट पूर्ण करायला दर महिन्याला स्वतःच घेतलेला माल, कोल्हापूरच्या सेमिनारचं तिकीट, गाडीभाडं, लॉजचं भाडं, प्लॅन दाखवायला बोलावलेल्या माणसांचा चहा-नाष्टा, हे सगळं खिशातून जातं. म्हणून फोटो नको, वर्षभराचा इन्कम टॅक्स रिटर्न आणि 26एएस (कापलेल्या टॅक्सची नोंद असलेला फॉर्म) मागा, आणि टीममधल्या सगळ्यांना सरासरी किती मिळाले तेही विचारा.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने) 2024 मध्ये नेमकं हेच तपासलं, 70 एमएलएम कंपन्यांनी स्वतः छापलेले कमाईचे तक्ते घेतले. बहुतेक लोकांना वर्षाला 1000 डॉलर किंवा त्याहून कमी मिळाले होते, किमान 17 कंपन्यांमध्ये तर बहुतेकांना काहीच मिळालं नव्हतं, आणि बऱ्याच तक्त्यांत लोकांचा खर्च धरलेलाच नव्हता.

(दृश्य: पाटीवर खडूने आकडे)

प्लॅन म्हणतो तू सहा जोड, ते सहा-सहा जोडतील. सहाव्या पायरीलाच 46,656 माणसं लागतात, आणि आठव्या पायरीला 16,79,616. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,15,069 होती, तान्ही बाळं धरून. म्हणजे जो उशिरा आला त्याने कितीही मेहनत केली तरी त्याच्याखाली माणसं येणार कुठून?

पिरॅमिड स्कीमला, म्हणजे कमाई माल विकून नाही तर नवी माणसं जोडून होते त्या योजनेला, आपल्याकडे बंदीच आहे, मनी सर्क्युलेशनविरोधी कायदा 1978 चा आणि डायरेक्ट सेलिंगचे नियम 28 डिसेंबर 2021 चे. थेट माल विकणं कायदेशीर आहे, तेव्हा बघायचं एवढंच की ज्याचा कंपनीत सभासदाचा आयडी नाही असा माणूस तीच प्रोटीन पावडर त्याच किमतीला परत विकत घेईल का, की माल फक्त आयडीवालेच घेतायत.

(दृश्य: माळा. आंब्याच्या रिकाम्या पेट्या, बाजूला प्रोटीन पावडरचे डबे)

हे डबे सील न उघडलेले आहेत, एक्सपायरी होऊन गेलीय. शेजारी शाळेची दोनशे पानी वही, पहिल्या पानावर "नावांची यादी" कारण ट्रेनिंगमध्ये पहिलं काम तेच देतात, ओळखीची शंभर नावं काढा. मामी, धाकटी नणंद, अंगणवाडीच्या बाई, बचत गटातल्या चौघी, मासे घेऊन येणारी मावशी. काही नावांवर काट आहे, काहींपुढे "नंतर बघू".

शहरात ओळखीचा माणूस तुटला तर दुसरा मिळतो, इथे यादी म्हणजेच वाडी, आणि विहिरीवर, देवळात, लग्नात रोज समोर तीच माणसं. त्यात ही यादी काढणाऱ्या बाईला टीममधले वरचे सांगतात तूच कमी पडलीस, सिस्टीम बरोबर आहे, आणि मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते, पैसे गेले ते गेले आणि दोषही तिच्याच माथी. तक्रार कुणी करत नाही, कारण जोडणारा घरचाच, पुढच्या गणपतीत त्याच्याच शेजारी जेवायला बसायचं असतं.

पण तक्रार कंपनीविरुद्ध करता येते, चुलतभावाविरुद्ध करायची गरज नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915, मराठीतही बोलतात, बिलं आणि पेमेंटचे मेसेज मात्र डिलीट करू नका.