एका ‘रन’चे ६४५ अर्थ

नमस्कार मंडळी,

‘रन’ हा शब्द आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून येतो, क्रिकेटची कृपा, त्यामुळे तो कधी डिक्शनरीत बघावा असं कुणाला वाटतच नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद ‘सेट’ची होती, पुढे नवीन आवृत्तीचं काम करताना ‘रन’ने तिला मागे टाकलं आणि नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले! पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी या एका शब्दावर नऊ महिने घालवले. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आता एवढे अर्थ आले कुठून? जुन्या इंग्लिशमध्येच या शब्दात पळण्याबरोबर वाहणंही होतं, म्हणून नदी रन होते, नळ रन होतो, सर्दी झाली की नाकसुद्धा. मग यंत्रं आली, इंजिन रन व्हायला लागलं, मालक कारखाना रन करायला लागला आणि आज आपल्यातले निम्मे लोक ऑफिसात बसून प्रोग्रॅम रन करतात. मराठीत बघा, यातलं काहीच पळत नाही, नदी, नळ आणि नाक वाहतं, बाकी सगळं चालतं. घड्याळ चालतं, मशीन चालतं, कंपनी चालवतात. निवडणुकीचं तर आणखी छान आहे, अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो पण ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो.

पण खरी अडचण होते ती शेजारी येऊन बसणाऱ्या छोट्या शब्दांनी. कुणी सांगितलं, ‘आय रॅन इन्टु युअर हजबंड’, तर नवरा वाटेत भेटला एवढंच, काळजी नको. तेच ‘रॅन ओव्हर’ म्हटलं तर नवरा गाडीखाली आला! आणि मीटिंग ‘रॅन ओव्हर’ झाली तर ती नुसती लांबली. पेट्रोल ‘रन आउट’ होतं म्हणजे संपतं, बॅट्समन रनआउट होतो ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून इकडे परदेशात नव्याने आलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, अर्थांच्या याद्या पाठ करू नका, कानावर पडलेलं अख्खं वाक्य लक्षात ठेवा, कोण बोललं, कशाबद्दल बोललं त्यासकट.

आणि हेच आपल्या मुलांच्या मराठीला लागू आहे. आपलं ‘लागणं’ काय कमी आहे का? भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, आग लागते, भाजी तिखट लागते, तो माझा मामा लागतो आणि वर मला उद्या लवकर जावं लागतं. इथे वाढणारं पोर ‘मला भूक आहे’ म्हणतं तेव्हा आपण हसतो, ते कृपा करून थांबवू या. त्या पोराचं डोकं नीट चाललेलं असतं, फक्त ‘लागली’ हे त्याने पुरेसं ऐकलेलं नसतं. तेव्हा चूक न काढता, ‘भूक लागली का? चल, बस’ एवढं म्हणायचं आणि वाढायला घ्यायचं.