कॅश: थोडी वेगवान मेमरी, पुष्कळ संथ मेमरी

हा प्रोसेसरच्या चिपचा खूप मोठा केलेला फोटो. दाटीवाटीने बसलेले हे एकसारखे चौकोन आकडेमोड करत नाहीत. ही कॅश मेमरी: नुकत्याच लागलेल्या माहितीच्या प्रती हाताशी ठेवणारी. चिपवरची इतकी मोलाची जागा तिला द्यावी लागते, कारण मुख्य रॅम फार संथ आहे. ४ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. रॅममधून माहिती यायला मात्र ८० नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात. म्हणजे ३२० ठोके नुसती वाट बघण्यात.

मग सगळीच रॅम वेगवान का करत नाहीत? मुख्य रॅम डीरॅमची असते. तिथे एका बिटला एक ट्रान्झिस्टर (स्विच) आणि एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा) पुरतो. पण कपॅसिटरमधला भार गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. कॅश एसरॅमची. तिला ही भरणी लागत नाही, पण एका बिटला बहुधा सहा ट्रान्झिस्टर लागतात. शिवाय मेमरी वाढवत नेली की तारा लांबतात आणि एसरॅमही मंदावते. म्हणून दोन्हींची जोडी. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये ही कल्पना मांडली; आयबीएमने १९६८ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ मध्ये ती प्रत्यक्षात आली.

आता आतलं काम. नेहमी आढळणारी ३२ किलोबाइटची एल-वन, म्हणजे पहिल्या पातळीची कॅश घेऊ: ६४ सेट (गट), प्रत्येकात ८ लाइन (एकत्र ये-जा करणारे तुकडे), प्रत्येक लाइन ६४ बाइटची. अ‍ॅड्रेसचे शेवटचे ६ बिट लाइनमधला बाइट सांगतात, त्याआधीचे ६ बिट सेट सांगतात, उरलेले बिट म्हणजे टॅग, लाइनची ओळख. सेटमधले आठही टॅग एकदमच ताडून पाहिले जातात. जुळला तर हिट, चार-पाच ठोक्यांत काम फत्ते. नाही जुळला तर मिस: आधी पुढच्या पातळीची एल-टू कॅश, मग एल-थ्री, शेवटी रॅम. आणि येते ती सगळी ६४ बाइटची लाइन. तिला जागा करायला एक जुनी लाइन निघते. तिच्यात बदल झालेला असेल, तर तो आधी खालच्या पातळीवर लिहावा लागतो.

हिट १ नॅनोसेकंदाची आणि मिसचा दंड ८० धरला, तर ९५ टक्के हिटला सरासरी ५ नॅनोसेकंद पडते, ९९ टक्क्यांना १.८. चार टक्क्यांनी एवढा फरक पडतो!

हे टक्के घालवणं फार सोपं आहे. सी भाषेतला १०२४ बाय १०२४ चा अ‍ॅरे, म्हणजे मेमरीत ओळीमागून ओळ ठेवलेला आकड्यांचा तक्ता; चार बाइटचे पूर्णांक. आडवं वाचलं तर एका लाइनमध्ये १६ आकडे मिळतात. उभं वाचलं तर प्रत्येक उडी ४०९६ बाइटची, आणि ६४ गुणिले ६४ म्हणजेही नेमके ४०९६. प्रत्येक उडी त्याच सेटवर पडते. नववी ओळ आली की आठांपैकी एकीला बाहेर जावं लागतं, बाकीची कॅश रिकामी असली तरी.

म्हणून आधी लूपचा क्रम बदलून आडवं वाचता येतं का बघा. मॅट्रिक्स आडवी-उभी उलटवताना ते जमत नाही. तिथे १६ बाय १६ चे तुकडे करून काम करतात. पण तुकड्यातल्या १६ ओळीही एकाच सेटवर येतात, त्यामुळे नुसते तुकडे करून भागत नाही. ओळीची लांबी १०४० आकडे ठेवा. शेवटचे १६ वापरायचे नाहीत; तेवढ्याने प्रत्येक ओळ पुढच्या सेटवर सरकते.