गुडघ्यात पाणी झालंय, की गुडघ्यावर?

नमस्कार. आधी एक करून बघा. हात सरळ ठेवा आणि कोपराच्या टोकावरची कातडी दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरा. हाडावरून कशी अलगद सरकते बघा. तिच्याखाली एक पातळ पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. एरवी ती हाताला लागतही नाही, कारण आत जेमतेम ओलावा असतो. कातडी आणि हाड एकमेकांवर घासू नयेत, एवढंच तिचं काम. अशा 100 हून जास्त पिशव्या आपल्या अंगात आहेत. पण जंतुसंसर्ग होतो तो बहुतेक दोनच ठिकाणी: कोपराच्या टोकावर आणि गुडघ्याच्या वाटीवर.

माझ्याकडे एक फरशी बसवणारा कारागीर आला होता. दिवसभर गुडघे टेकून काम. चार दिवसांपूर्वी टाइलची कपची लागून गुडघ्याला खरचटलं होतं, अगदी एवढंसं. तिसऱ्या रात्री ठणका सुरू झाला. घरच्यांनी काळजीपोटी कोमट तेल लावून चोळलं. माझ्यासमोर बसला तेव्हा वाटीवर लिंबाएवढा फुगवटा, लालबुंद, हात लावला तर गरम, आणि लाली पार नडगीवर उतरलेली. म्हणाला, "डॉक्टर, गुडघ्यात पाणी झालंय."

पाणी गुडघ्यात नव्हतं, गुडघ्यावर होतं. हा फरक फार महत्त्वाचा आहे. मी त्याला आडवं केलं, टाचेखाली हात घेतला आणि पाय हळूहळू हलवला. बराचसा हलला. पूर्ण दुमडायला गेलो तेव्हा मात्र कळ आली, कारण कातडी ताणली की फुगलेली पिशवी दाबली जाते. सांध्यातच पू असता तर जरासं हलवलं तरी तो कळवळला असता. आणि तसं असतं तर थांबायला वेळच नसतो. सांध्यातला पू काही दिवसांत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, खाऊन टाकतो. म्हणून ही परीक्षा घरी करत बसू नका, डॉक्टरांनाच करू द्या.

जंतू कुठून येतात? बहुतेक वेळा आपल्याच कातडीवरून. दहापैकी साधारण आठ रुग्णांत स्टॅफिलोकोकस ऑरियस हाच जंतू सापडतो. खरचटलं, भेग पडली, की आत शिरतो. मधुमेह असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, दारूचं व्यसन असेल तर धोका वाढतो. आणि ताप नाही म्हणजे पू नाही, असं समजू नका. कित्येकांना ताप येतच नाही.

आता माझी कळकळीची विनंती. मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेऊन मग आमच्याकडे येऊ नका. युरिक ॲसिड वाढून होणारा गाउट अगदी असाच लाल, गरम दिसतो. कधी दोन्ही एकत्रही असतात. नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून सुईने पिशवीतलं थोडं पाणी काढून लॅबला पाठवतात. तिथे पेशी मोजतात, युरिक ॲसिडचे स्फटिक आहेत का बघतात आणि कल्चर लावतात, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघतात. त्यावरून कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालेल हे कळतं. गोळ्या आधीच पोटात गेल्या असतील तर कल्चरमध्ये बऱ्याचदा काही उगवतच नाही, आणि आम्ही अंदाजावर राहतो.

चोळणं नको, सुईने घरी फोडणं तर नकोच. पू असल्याची शंका असताना त्या जागी स्टेरॉइडचं इंजेक्शनही घेऊ नये.

उपचार तसा साधा आहे. अँटिबायोटिक साधारण 10 ते 14 दिवस, गरज पडली तर आणखी. पिशवी पुन्हा भरली तर पुन्हा पाणी काढायचं. ताप असेल, लाली पसरत असेल किंवा साखर वाढलेली असेल तर सलाइनमधून औषध द्यावं लागतं. ऑपरेशन फार थोड्यांना लागतं.

या कारागिराचं पाणी तीनदा काढलं. बाराव्या दिवशी लाली गेली, ठणका गेला. फुगवटा मात्र पुढे काही आठवडे थोडा राहिला. तो राहतो, त्याला घाबरू नका. "कामावर कधी जाऊ?" हे तो प्रत्येक वेळी विचारायचा, कारण त्याचं पोट रोजंदारीवर. जखम पूर्ण भरल्यावरच गेला, आणि आता दोन्ही गुडघ्यांना जाड पॅड बांधल्याशिवाय तो फरशीवर टेकत नाही.